पाच लाखांचे कार्ड, तीन हजारांचा चष्मा आणि आपले वृद्ध

२०२४ साली, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, आपल्या वृद्धांच्या वाट्याला दोन सरकारी योजना आल्या. राज्य शासनाने 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' जाहीर केली. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या नागरिकाच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा करावयाचे, आणि त्याने त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशी उपयोगाची वस्तू घ्यावयाची, असे तिचे स्वरूप. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेचे दार सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, खुले केले. तीत कुटुंबातील ज्येष्ठांच्या रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

दोन्ही योजनांचे स्वागतच केले पाहिजे. पाच लाख ही विम्याची कमाल मर्यादा आहे, हातात पडणारी रक्कम नव्हे, हेही आम्ही जाणतो. तेव्हा या दोन आकड्यांची सरळ तुलना अन्यायाची ठरेल. तरीही त्यांच्यातील अंतर बोलके आहे. पाच लाखांचे कार्ड चालते ते म्हातारा माणूस पडल्यावर, मांडीचे हाड मोडल्यावर, खाटेवर झोपवून त्याला दवाखान्याच्या दारात नेल्यावर. तो पडूच नये म्हणून त्याला नीट दिसावे, ऐकू यावे, पायांत बळ राहावे, यासाठीची तरतूद तीन हजारांची, आणि तीही आयुष्यात एकदा. या रकमेत चष्मा आणि काठी येईल. बरे श्रवणयंत्र येणार नाही.

माणूस खचल्यानंतर धावून जायचे, खचत असताना मात्र पाहायचे नाही, ही सवय केवळ शासनाची नाही. ती आपल्या घरांची आहे, आणि आपल्या धर्मग्रामांचीही आहे. म्हणून या विषयाकडे आज थोडे सविस्तर पाहू.

वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात गेल्या पंचवीस वर्षांत दोन कल्पना पुढे आल्या. पहिली जर्जरतेची. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, ६५ वर्षांवरील ५,३१७ व्यक्तींच्या पाहणीच्या आधारे, जर्जरतेची पाच लक्षणे निश्चित केली: प्रयत्नावाचून घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे आढळली तर ती व्यक्ती जर्जर. एक किंवा दोन आढळली तर जर्जरतेच्या उंबरठ्यावर. जर्जरता म्हणजे एखादा रोग नव्हे. शरीराच्या अनेक यंत्रणांनी राखून ठेवलेली शिल्लक एकाच वेळी आटत जाणे म्हणजे जर्जरता. उन्हाळ्यात जुलाबाची साथ येते. चाळिशीतला माणूस चार दिवसांत उठून कामाला लागतो. जर्जर आजीला त्याच जुलाबाने आठ दिवस अंथरूण धरावे लागते. त्या आठ दिवसांत पायांचे उरलेसुरले स्नायू झिजतात. नवव्या दिवशी जुलाब थांबलेले असतात, पण आजी उठू शकत नाही. घरचे म्हणतात, जुलाबाने घात केला. खरे पाहता जुलाब हे निमित्त असते.

दुसरी कल्पना जागतिक आरोग्य संघटनेची. वार्धक्य व आरोग्य या विषयावरील २०१५ च्या आपल्या अहवालात संघटनेने 'अंगभूत क्षमता' हा विचार मांडला. माणसाच्या ठायी असलेल्या सर्व शारीरिक व मानसिक शक्तींची ही बेरीज. पुढे तिची पाच अंगे मानली गेली: हालचाल, शरीराचे पोषण व जोम, बुद्धी व स्मृती, मनाची अवस्था, आणि डोळे-कान ही ज्ञानेंद्रिये. येथे रोगांची यादी नाही. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हे प्रश्न डॉक्टर विचारतीलच. येथे प्रश्न असा की या माणसाला अजून काय काय करता येते?

या दोन कल्पनांचे नाते समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण त्यांना एकाच नाण्याच्या दोन बाजू मानण्याची चूक सहज होते. क्षमता ही आयुष्यभर असणारी गोष्ट आहे. ती तरुणपणी शिखरावर असते आणि पुढे हळूहळू, कोणाची लवकर तर कोणाची उशिरा, उतरत जाते. जर्जरता ही त्या उताराच्या तळाशी येणारी अवस्था आहे. विहिरीचे पाणी मार्चपासून हातहातभर खाली जात असते. मे महिन्यात पोहरा गाळाला लागतो तेव्हा आपण म्हणतो की विहीर आटली. मराठवाड्यातील वाचकांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. क्षमतेची मोजणी म्हणजे मार्चमध्ये दोर सोडून पाहणे. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे डॉ. जॉन बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की वय, शिक्षण, संपत्ती आणि जडलेले रोग हे सारे हिशेबात धरल्यानंतरही, ज्यांची अंगभूत क्षमता कमी होती त्यांच्यावर पुढील काही वर्षांत दैनंदिन कामांसाठी दुसऱ्यावर विसंबण्याची पाळी अधिक प्रमाणात आली.

आणि ही पाच अंगे एकमेकांचा हात धरून खाली येतात. समजा, एका आजोबांना ऐकू कमी येऊ लागले. चारचौघांत काय चालले आहे ते कळत नाही, पुन्हा पुन्हा विचारले की सून वैतागते, म्हणून ते पारावर बसणे सोडतात. बोलणे कमी झाले, मन उदास झाले. उदास मनाला भूक लागत नाही; भाकरी चहात बुडवून खाल्ली की जेवण झाले. डाळ नाही, शेंगदाणे नाहीत, अंडे नाही. वजन उतरते, मांड्या बारीक होतात. मग एका रात्री मोरीकडे जाताना तोल जातो. दवाखान्याच्या कागदावर 'पडल्यामुळे अस्थिभंग' असे लिहिले जाईल. सुरुवात कानापासून झाली होती, हे कोणत्याच कागदावर येणार नाही. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या लॅन्सेट आयोगानेही २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत कमी ऐकू येणे हा टाळता येण्याजोगा धोका म्हणून नोंदवला आहे; २०२४ च्या अहवालात उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचीही त्यात भर पडली. बहिरेपणाला आपल्याकडे विनोदाचा विषय करतात. ही थट्टा थांबलेली बरी.

वय मात्र यात फारसे काही सांगत नाही. कायदे व नियम वर्षे मोजतात, कारण वर्षे मोजणे सोपे असते. साठीला ज्येष्ठ नागरिक, पासष्टीला श्रावणबाळ योजना, पंचाहत्तरीला एसटीचा मोफत प्रवास. आपल्या ख्रिस्तसभेचेही तसेच: बिशप आणि धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू पंचाहत्तरीला राजीनामा सादर करतात, आणि ऐंशी पूर्ण झालेल्या कार्डिनलना पोपच्या निवडणुकीत मत नसते. परंतु अलीकडच्या काळातील दोन पोपमहोदयांची उदाहरणे पाहिली तर क्षमता आणि वय यांचा हिशेब किती वेगळा असू शकतो हे ध्यानात येते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, म्हणजे जागतिक रुग्णदिनीच, पदत्यागाची घोषणा केली तेव्हा त्यांनी वयाबरोबरच तन आणि मन या दोहोंच्या बळाचा उल्लेख केला होता. या पदाला लागणारे ते बळ गेल्या काही महिन्यांत उतरले आहे, असे त्यांनी स्वतःहून ओळखले. ते तेव्हा ८५ वर्षांचे होते, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, जगले. त्यांची क्षमता एका प्रचंड कामासाठी अपुरी पडली होती. प्रार्थनेच्या व वाचनाच्या शांत जीवनासाठी ती पुरेशी होती. पोप फ्रान्सिस यांचे गुडघे निकामी झाले आणि २०२२ पासून ते चाकांच्या खुर्चीत दिसू लागले. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी इंडोनेशियापासून सिंगापूरपर्यंत चार देशांचा प्रवास केला. पाच अंगांपैकी एक थकले होते. खुर्चीने आणि ती ढकलणाऱ्या हातांनी ते भरून काढले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या विचारातील तिसरा धागा हाच आहे. माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो हे त्याच्या अंगच्या क्षमतेवर जितके अवलंबून असते, तितकेच भोवतालच्या परिस्थितीवर. व्हॅटिकनमध्ये चाकांच्या खुर्चीला उतार सापडतो. वैजापूर किंवा गंगापूर तालुक्यातील वस्तीवर एसटीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असते. तेथे मोफत प्रवासाचे कार्ड खिशात असूनही आजीला तालुक्याच्या गावी जाता येत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील लोकसंख्या ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ती ९.९ टक्के होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची भेट घेण्यात आली. त्यांची केवळ उत्तरे न नोंदवता हाताची पकड मोजली गेली, चालण्याचा वेग मोजला गेला, दृष्टी व स्मरणशक्ती तपासली गेली. म्हणजे मोजण्याचे शास्त्र परदेशातच राहिलेले नाही, ते येथे आलेले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सर्वांच्या तोंडी असलेल्या 'घाटी'त, वार्धक्यशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. ही सोय राज्यातील पुष्कळ जिल्ह्यांना नाही. परंतु घाटीच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचणारा वृद्ध बहुधा पडल्यानंतर पोहोचतो.

शहरातील वृद्ध आणि खेड्यातील वृद्ध यांची क्षमता वेगवेगळ्या वाटांनी उतरते. १९८० च्या दशकात वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत रुजू झालेली पिढी आता निवृत्त आहे. तिच्याकडे घर आहे, थोडीफार पुंजी आहे; मुले पुण्याला किंवा आखाती देशांत आहेत. येथे पाय बसून बसून जातात आणि मन एकटेपणाने. खेड्यात याच्या उलट. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन शेतमजुरी करीत आलेली. तेथे शरीर बसून नव्हे, तर राबून झिजते. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेला 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर असते. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. शेळ्या, पाणी, सरपण, चूल, शाळा, सारे त्या दोन थकलेल्या हातांवर. जर्जरतेच्या लक्षणांत 'सततचा थकवा' असे लिहिले आहे; या आजीला तो प्रश्न विचारला तर ती हसेल. थकवा हा तिच्या लेखी आजार नाहीच.

स्त्रियांच्या बाबतीत तर उतार चाळिशीतच सुरू झालेला असतो. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, हे २०१९ साली उघडकीस आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयाबरोबर बीजाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. त्या स्त्रिया अजून वृद्ध झालेल्या नाहीत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी त्या साठीच्या होतील तेव्हा त्यांची हाडे, त्यांचे स्नायू कोणत्या अवस्थेत असतील, याचा विचार आजच करणारे कोणी आहे काय? पासष्टीला मिळणारे तीन हजार त्यांच्यासाठी वीस वर्षे उशिरा येतील.

उताराला अडवता येते, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे, कारण 'म्हातारपण आहे, चालायचेच' हे वाक्य आपल्याकडे औषधासारखे वापरले जाते. बोस्टन येथील एका वृद्धालयात १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या घरातील दहा जर्जर वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा पायांचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, हे खरे. पण नव्वदीतही स्नायू ऐकतात, हे त्यातून दिसले, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी व्यायामाचा लाभ पुन्हा पुन्हा दाखवून दिला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानातला मळ काढणे, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे, दात नसलेल्यांना कवळी: यांपैकी कशालाही पाच लाख लागत नाहीत. मात्र यांना वेळ लागतो, आणि तो वेळ क्षमता उतरू लागल्यापासून जर्जरता येईपर्यंतच्या काळातच मिळतो.

उतार ओळखण्याच्या परीक्षा किती साध्या आहेत, हे पाहून वाचकांना नवल वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गावपातळीवरील आरोग्यसेवकांसाठी पुस्तिका काढली. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने ते आठवतात का ते पाहायचे; आज तारीख काय आणि आपण कुठे आहोत, हे विचारायचे. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगायचे. चौदा सेकंदांत जमले पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन आपोआप घटले का, भूक मेली आहे का, डोळ्यांनी दूरचे व जवळचे दिसते का, पाठीमागून कुजबुजलेले ऐकू येते का, आणि गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न आहे का, कशातच रस वाटेनासा झाला आहे का. (खुर्ची नसेल तर आपल्या घरांतली जुनी परीक्षा आहेच: पंगतीतून उठताना आजोबा हात कशाला टेकतात ते पाहावे. तिला सेकंदांचा हिशेब नाही, पण डोळा असणाऱ्याला ती पुष्कळ सांगते.)

शासनाच्या यंत्रणेत यासारखे काहीच नाही असे नव्हे. आशाताई घरोघर जो तपासणी-तक्ता भरतात त्यात साठीवरील व्यक्तींसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना वा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. प्रश्न चांगले आहेत, परंतु बहुतेक उताराच्या शेवटच्या टप्प्यावरचे आहेत. ज्याला घरचा पत्ता आठवत नाही त्याच्या बाबतीत मार्च महिना केव्हाच सरलेला असतो. आणि एकेका आशाताईच्या शिरावर गर्भवतींपासून क्षयरुग्णांपर्यंत इतक्या नोंदी आहेत की त्यांना दोष देणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

येथे आपल्या धर्मग्रामांचा प्रश्न येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी, संत जोकिम व संत ॲना यांच्या सणाच्या आसपास, आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. आपल्याकडे त्या दिवशी वृद्धांना पुढच्या बाकांवर बसवतात, फुले देतात, शाल पांघरतात, मुले गाणे म्हणतात. छान सोहळा असतो. पण त्या दिवशी जे आलेले असतात त्यांचाच तो सत्कार असतो. जे यायचे थांबले, ते का थांबले?

एखादी आजी सलग तीन-चार रविवार मिस्सेला दिसली नाही की आपल्याकडे काय होते? कोणीतरी फादरांना कळवतो, 'आजीला आता जमत नाही हो,' आणि तिचे नाव घरी कम्युनियन नेण्याच्या यादीत जाते. सिस्टर किंवा सेवक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिच्याकडे जाऊ लागतात. ही सेवा अत्यंत मोलाची आहे, तिच्याविषयी दुमत नाही. मात्र यादीत नाव घालताना 'काय जमत नाही?' हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. गुडघे दुखतात म्हणून? मोतीबिंदूमुळे पहाटेच्या अंधारात वाट दिसत नाही म्हणून? लघवीची घाई होते आणि मंदिराच्या आवारात सोय नाही म्हणून? प्रवचनातले काही ऐकू येत नाही, घुमणाऱ्या ध्वनिक्षेपकातून नुसता गोंगाट कानी पडतो म्हणून? पायऱ्यांना कठडा नाही म्हणून? की नवरा गेल्यापासून कशातच मन लागत नाही म्हणून? यांतील प्रत्येक उत्तर त्या पाच अंगांपैकी एकाकडे, किंवा आपल्याच इमारतीकडे, बोट दाखवते. आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. सर्वांवर एकच उपाय, म्हणजे घरी कम्युनियन, लागू केला की आजीचे आठवड्यातले एकमेव चालणे थांबते, माणसांत बसणे थांबते, गाणी म्हणणे थांबते. ज्या क्षमता शिल्लक होत्या त्याही वापराविना जाऊ लागतात. सेवेच्या भावनेतूनच आपण तो उतार तीव्र करतो.

आमच्या मते ही यादीच उलट बाजूने वाचावयास हवी. धर्मग्रामात वृद्धांच्या क्षमतेविषयीची सर्वांत ताजी नोंद तीच आहे. रविवारची गैरहजेरी ही कोणत्याही सरकारी तक्त्याच्या आधी उमटणारी खूण आहे. ज्यांच्या घरात डॉक्टर कधी जात नाही अशा घरांत आपल्या सिस्टर आणि सेवक जातात, आणि त्यांना दार उघडले जाते. नव्याने यादीत आलेल्या प्रत्येक व्यक्तीला वरील साधे प्रश्न विचारून उत्तर कागदावर उतरवणे, आणि त्यानुसार कोणाला नेत्रतपासणीला, कोणाला कानाच्या डॉक्टरांकडे, कोणाला घाटीत पाठवणे, यासाठी नवी संस्था काढावी लागणार नाही. धर्मग्रामातील परिचारिका, निवृत्त शिक्षक, तरुण मंडळ यांच्यापैकी दोन-तीन जण एका दुपारी हे शिकू शकतात. वयोश्री योजनेचा अर्ज भरून घेणे, आयुष्मान कार्डासाठी आधार जोडून देणे, १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावणे, हेही त्यातच होईल. ज्यांना गुडघ्यांमुळे येता येत नाही त्यांच्यासाठी रविवारी एक रिक्षा हा खर्च धर्मग्रामाला जड नाही.

खेड्यांतील मिशनगावांबाबत वेळेचाही विचार करावा लागेल. जुलैतला वृद्धदिन तेथे पेरणी-खुरपणीच्या धांदलीत येतो. टोळ्या निघतात त्या दिवाळीच्या सुमारास. मुलगा आणि सून फडावर गेल्यावर आजीला तालुक्याला नेणारे कोणी उरत नाही, आणि ती शेळ्या व नातवंडे टाकून एकटी निघणार नाही. तेव्हा डोळे, कान, वजन आणि पायांची ही पाहणी या गावांत सप्टेंबरमध्येच व्हायला हवी, म्हणजे मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेनंतरचे औषधाचे थेंब घालायला घरात कोणीतरी असेल.